महिना हजार रुपये आणि नाटकाचा नाद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी, नाटकाचं वेड कॉलेजपासूनचं, आणि नाटकासाठी महिन्याला हजार रुपयांच्या वर काढता येत नाहीत. शनिवारी रात्री एखादं नाटक पुढच्या रांगेतून पाहिलं, जाता-येता रिक्षा केली, मध्यंतरात काही खाल्लं की त्यातले सात-आठशे संपतात. मग उरलेला महिना जाहिराती वाचण्यात जातो. शिवाय तीन उपप्रश्न आहेत: बाल्कनीतून नाटक पाहण्यात अर्थ आहे का, स्वस्त नाटक सुमार असतं का, आणि सोबतीला कोणी नसतं त्याचं काय करायचं.

मी पुण्यात बरीच वर्षं नाटकांच्या बुकिंगच्या खिडकीत बसलो, नंतर प्रयोगांचं व्यवस्थापन केलं, आणि या सगळ्या काळात स्वतःच्या खिशातून नाटकं पाहत आलो. खिडकीच्या दोन्ही बाजूंचा हिशेब माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो. हजार रुपये हा काही फार वाईट आकडा नाही. अडचण ही की तुमचे सगळे पैसे एकाच जातीच्या नाटकावर, एकाच दिवशी आणि एकाच प्रकारच्या खुर्चीवर खर्च होतात. नावाजलेले कलाकार असलेलं व्यावसायिक नाटक, शनिवार-रविवार, पुढच्या रांगा. मराठी रंगभूमीचा हा सगळ्यात महाग कोपरा आहे आणि तुम्ही तिथेच राहायला गेला आहात. तिथलं तिकीट स्वस्त कसं मिळेल याचा विचार करत बसलात तर वर्षाला शे-दोनशे रुपये वाचतील. बाकीची रंगभूमी जवळ केलीत तर त्याच पैशात तिप्पट-चौपट संध्याकाळी भरतील.

त्या महाग कोपऱ्यातले दर असे का असतात, तेही समजून घ्या, म्हणजे उगाच वाट पाहत बसणार नाही. नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. त्याच्या वर गेलं की १८ टक्के लागतो. २०१८च्या सुरुवातीपर्यंत ही मर्यादा २५० रुपये होती. त्यामुळे बरेच निर्माते वरचा दर पाचशेलाच थांबवतात आणि तिथून मागे चारशे, तीनशे, मग बाल्कनी अशी उतरंड लावतात. या आकड्यात नाट्यगृहाचं भाडं, सेट नेणारा टेम्पो, कलाकारांची बस, सगळ्यांचं दर प्रयोगाचं मानधन आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती असं सगळं भागवायचं असतं. म्हणून शेवटच्या दिवशी दर उतरवण्याची पद्धत आपल्याकडे रुजली नाही. बुकिंग पडलं तर निर्माता ओळखीपाळखीत पास वाटून खुर्च्या भरेल, पण खिडकीवर तीनशेचं तिकीट दोनशेला देणार नाही. कारण पुढच्या प्रयोगाला सगळेच शेवटच्या दिवसाची वाट पाहतील.

मग स्वस्त नाटक कुठे आहे? पहिलं उत्तर आहे स्पर्धा, आणि यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण नोकरी करणारे तरुण प्रेक्षक इथे फारच कमी दिसतात.

राज्य सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा दरवर्षी होते. प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास असते, कधी पुढेमागे होते. संचालनालयाच्या बालनाट्य आणि संगीत नाटकांच्या स्पर्धाही असतात. हौशी स्पर्धेत रोज संध्याकाळी एक पूर्ण लांबीचं नाटक, सलग काही दिवस. तिकीट इतकं नाममात्र की मध्यंतरातला चहा महाग वाटावा. पुणे केंद्राचे प्रयोग बहुधा भरत नाट्य मंदिरात होतात, म्हणजे सदाशिव पेठेत, बसने जाता येईल अशा ठिकाणी. प्रेक्षकांत कोण असतं? पुढे तीन परीक्षक छोट्या दिव्याच्या उजेडात लिहीत बसलेले, मध्ये कलाकारांचे नातेवाईक, मागे दुसऱ्या दिवशी ज्यांचा प्रयोग आहे ती मंडळी, आणि वर्षानुवर्षं येणारे काही पांढऱ्या केसांचे रसिक. बाकी खुर्च्या रिकाम्या. हवी ती खुर्ची मिळते.

आता तुमचा प्रश्न, की हे सुमार असतं का. खरं सांगायचं तर बऱ्याच रात्री सुमार असतंच. बँकेतले, शाळेतले, एमआयडीसीतले लोक दिवसभराचं काम संपवून तालमी करतात. कोणी पाठांतर विसरतो, कोणाची विग सरकते, प्रकाशयोजनेत चेहरा सोडून सगळं उजळतं. पण त्याच आठवड्यात एखादी संध्याकाळ अशी येते की लेखक, दिग्दर्शक, नट कोणाचंच नाव ओळखीचं नसतं आणि तुम्ही मध्यंतरात खुर्चीवरून उठत नाही. ती संध्याकाळ कोणती हे आधी कळत नाही, म्हणून सलग जायचं. माझा अनुभव असा की वाईट नाटकं पाहिल्यावाचून चांगल्या नाटकातलं नेमकं काय चांगलं हे डोळ्याला दिसत नाही. व्यावसायिक नाटकात सगळं इतकं घोटलेलं असतं की शिवण सापडत नाही. हौशी नाटकात ती उसवलेली दिसते. अर्थात, कंटाळा आला तर मध्यंतरात निघून जावं, त्यात काही पाप नाही. अंक चालू असताना मात्र उठू नये.

दुसरी जागा एकांकिकांची. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा भरवते, भरतमध्येच. पावसाळ्यात प्राथमिक फेरी सुरू होते आणि एका संध्याकाळी तीन कॉलेजांच्या एकांकिका होतात. एका तिकिटात तीन नाटकं, आणि वर पोरांच्या घोषणांनी नाट्यगृह दणाणून जातं, तो कार्यक्रम वेगळाच. तुम्ही कॉलेजात असताना कदाचित त्या घोषणा दिल्याही असतील. अंतिम फेरीला तिकीट मिळवणं अवघड, तेव्हा त्या मागे लागू नका. प्राथमिक फेरीचे दिवस पकडा. मुंबईला एखादी रात्र काढता येत असेल तर चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा आहे. २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते आणि रात्रभर चालते. तिथे इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकाच येतात, म्हणजे वर्षभराची चाळणी तुमच्यासाठी कोणीतरी आधीच लावलेली असते. पहाटे बाहेर पडलं की लोकल सुरू झालेल्या असतात, त्यामुळे मुक्कामाचा खर्च नाही.

तिसरी जागा प्रायोगिक नाटकांची. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच तुम्हाला माहीत असेल. नसेल तर या आठवड्यात जाऊन या. छोटी जागा, नट हाताच्या अंतरावर, तिकीट बहुतेकदा व्यावसायिक नाटकाच्या मागच्या रांगेएवढं किंवा त्याहून कमी. इथे पुढची रांग-मागची रांग हा प्रश्नच जवळजवळ मिटतो. काही संस्था विद्यार्थ्यांना सवलत देतात, काही ठिकाणी ऐच्छिक देणगी असते. जाहिरातीत लिहिलेलं नसलं तरी विचारायला लाजू नये. विद्यापीठातल्या ललित कला केंद्राच्या विद्यार्थ्यांचे प्रयोगही लक्षात ठेवा. तिथे बऱ्याचदा तिकीटच नसतं आणि मेहनत मात्र व्यावसायिकच्या तोडीची असते. नाट्यवाचनांचे कार्यक्रम असतात, तेही बहुधा मोफत. नवीन संहिता रंगमंचावर येण्याआधी कानावर पडते, ही त्यातली मजा.

आता बाल्कनी. याचं उत्तर नाटकावर आणि नाट्यगृहावर अवलंबून आहे, सरसकट देता येणार नाही.

दिवाणखान्याचा सेट, दोन-तीन पात्रं, सगळा खेळ चेहऱ्यावर आणि आवाजाच्या बारीक चढउतारांवर, असं नाटक बालगंधर्व रंगमंदिराच्या बाल्कनीतून पाहू नका. शब्द ऐकू येतील, नाटक दिसणार नाही. त्याच नाटकाचा प्रयोग भरत किंवा टिळक स्मारकला लागेपर्यंत थांबा. निर्माता दर बहुतेकदा तेच ठेवतो, पण नाट्यगृह लहान असल्यामुळे तिथली मागची रांग बालगंधर्वच्या मधल्या रांगेइतकी जवळ पडते. पैसे तेवढेच, नाटक दुप्पट. ही गोष्ट खिडकीत बसून मला रोज दिसायची: लोक दर पाहून तिकीट निवडतात, नाट्यगृह पाहून निवडणारे थोडे.

उलट मोठा ताफा, नृत्य, समूहाच्या हालचाली, प्रकाशाचे खेळ असतील तर बाल्कनीची पहिली रांग ही मी पैसे असतानाही मागून घेतो. खालून माणसांच्या रांगा एकमेकांमागे लपतात. वरून आकृती दिसते. दिग्दर्शकाने रंगमंचाच्या फरशीवर काय आखलं आहे ते तिथूनच कळतं. संगीत नाटकाला बाल्कनी चालते, पण आवाज माइकवरून येतो की थेट, यावर बरंच आहे. प्रहसनाला मात्र खालीच बसावं. हसणाऱ्या माणसांच्या मधोमध बसलं नाही तर प्रहसन अर्धंच पोचतं.

आणि पहिल्या दोन रांगांचा मोह सोडा. मान वर करून पाहावं लागतं, नटांचे पाय आणि रंगमंचाची फरशी दिसत नाही, मागच्या कोपऱ्यातला प्रवेश समोरच्या सोफ्याआड जातो. माझ्या मते सहावी ते दहावी रांग, मध्यभाग, ही कोणत्याही मोठ्या नाट्यगृहातली सगळ्यात चांगली जागा. ती सगळ्यात महाग असतेच असं नाही. काही वेळा वरच्या दराची हद्द तिच्या आधीच संपते. अगदी कडेच्या खुर्च्या मात्र टाळा. बॉक्स सेटची, म्हणजे तीन भिंतींच्या खोलीसारख्या सेटची, बाजूची भिंत आडवी येते आणि खिडकीपाशी घडणारा निम्मा प्रसंग तुम्हाला फक्त ऐकू येतो.

नाटक कधी पाहायचं, यातही पैसे वाचतात किंवा वाया जातात. लोकप्रिय कलाकारांचं नाटक असेल तर शुभारंभाच्या गर्दीत शिरू नका. पहिल्या काही प्रयोगांत लांबी कमी-जास्त होत असते, हशे कुठे येतात त्याप्रमाणे नट जागा बदलत असतात. पंचवीसेक प्रयोगांनी नाटक मुरतं. ते चाललेलं असेल तर पुन्हा पुन्हा लागेल, पळून जात नाही. तोवर पाहून आलेल्या चार माणसांशी बोलणंही होतं आणि पाचशे रुपये कुठे घालायचे नाहीत हे कळतं. प्रायोगिक नाटकाचं नेमकं उलटं. त्याचे एकूण प्रयोगच थोडे होतात, कलाकार आपापल्या नोकऱ्यांत आणि मालिकांत अडकलेले असतात, तारखा जुळत नाहीत. ते लागलं की लगेच पाहायचं. मी लोकांना नेहमी हे सांगतो आणि लोक नेहमी उलट करतात: मोठ्या नाटकाला पहिल्या रविवारी धावतात आणि छोटं नाटक पुढच्या महिन्यात पाहू म्हणून कायमचं घालवतात.

आता खिडकीबद्दल. ऑनलाइन बुकिंग सोयीचं आहे, पण प्रत्येक तिकिटामागे सुविधा शुल्काचे जे पैसे जातात ते वर्षभरात एका नाटकाएवढे होतात. नाट्यगृह रस्त्यात असेल तर खिडकीवर जा. खिडक्या सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळेतच उघड्या असतात, दुपारी बंद. आधी वेळ पाहून जा. खिडकीचा खरा फायदा मात्र शुल्काचा नाही, तिथल्या माणसाचा आहे. त्याच्यासमोर प्लॅन असतो, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा. त्यावर विकलेल्या खुर्च्यांवर फुल्या आणि काही खुर्च्यांभोवती पेन्सिलीचं कुंपण. ते कुंपण म्हणजे राखीव जागा: निर्मात्याचे पाहुणे, कलाकारांच्या घरचे, समीक्षक. ही मंडळी सगळी येत नाहीत. प्रयोगाच्या आधी तास-अर्धा तास व्यवस्थापकाचा निरोप येतो आणि त्यातल्या काही जागा सुटतात, अगदी मधल्या रांगांतल्या. जाहिरातीवर हाउसफुल्ल लिहिलेलं असलं तरी त्या वेळी खिडकीशी उभं राहावं, वाद न घालता. मिळेलच असं नाही. पण तुमचं घर नाट्यगृहापासून जवळ असेल तर हा जुगार खेळण्यासारखा आहे. लांबून येणार असाल तर नाही.

‘हे नाटक बाल्कनीतून कसं वाटतं?’ हेही खिडकीतल्या माणसाला खुशाल विचारा. गर्दी नसताना विचारलंत तर तो खरं सांगतो, कारण तक्रार करायला लोक त्याच्याकडेच येतात.

पास मागण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ओघात येतं. ओळख झाली की पास मिळू शकतात. मोठ्या संस्थेच्या पडलेल्या बुकिंगला पास घेतलात तर खुर्ची भरते, कोणाचं नुकसान नाही. पण प्रायोगिक संस्थेकडे पास मागू नका. तिथे तुमच्या दोनशे रुपयांवर त्या रात्रीचं भाडं फिटतं की नाही हे ठरतं. पैसे नसतील तर कामाला जा: दारावर तिकिटं फाडायला, सेट उतरवायला, प्रेक्षकांना जागा दाखवायला हात कमी पडत असतात. एकदा तालमीच्या खोलीत शिरलात की नाटक पाहण्याची नजरच बदलते आणि खर्चाचा प्रश्न बराचसा सुटतो.

हिशेब महिन्याचा करू नका, वर्षाचा करा. बारा हजार धरा. नाटकांचा हंगाम काही सपाट नसतो. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत इतकं लागतं की झोप होत नाही, आणि भर पावसात व्यावसायिक नाटकं कमी होतात. महिन्याच्या हजारात अडकलात तर नोव्हेंबरात पैसे संपतात आणि जूनमध्ये उरतात. मी तुमच्या जागी असतो तर मोठी व्यावसायिक नाटकं वर्षाला आठ ठरवली असती, प्रत्येकी साडेचारशे धरून छत्तीसशे. प्रायोगिक बारा, अडीचशेच्या हिशेबाने तीन हजार. स्पर्धांच्या पंचवीसेक संध्याकाळींना मिळून हजार. हे झाले साडेसात हजारांच्या आसपास. प्रवासाला पावणेतीन हजार काढले तरी साडेसोळाशे उरतात. ते एखाद्या महोत्सवाच्या सीझन तिकिटाला किंवा आवडलेलं नाटक दुसऱ्यांदा पाहायला ठेवा. दुसऱ्यांदा पाहताना बाल्कनीत बसा, गोष्ट माहीत असते. आकडे तुमच्या सोयीने हलवा, प्रमाण मात्र साधारण असं राहू द्या.

प्रवास हा छुपा खर्च आहे. रात्री साडेनऊचा प्रयोग संपायला साडेबारा वाजतात, तेव्हा बस-मेट्रो संपलेली असते आणि रिक्षावाला सांगेल तो भाव. तेच नाटक रविवारी दुपारी किंवा संध्याकाळी साडेपाचला असेल तर तो पकडा. बालगंधर्वला संभाजी उद्यान मेट्रो स्थानकावरून चालत जाता येतं. रात्रीचाच प्रयोग हवा असेल तर राहत्या भागातल्या नाट्यगृहाची वाट पाहा. कोथरूडला यशवंतराव चव्हाण, बिबवेवाडीला अण्णा भाऊ साठे, चिंचवडला रामकृष्ण मोरे. नाटक फिरत फिरत तुमच्या दारात येतंच.

पुण्याबाहेरच्या कोणी हे वाचलं तर: राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रं सांगली, रत्नागिरी, नागपूर, चंद्रपूर, परभणी अशी सगळीकडे आहेत, आणि पूर्व विदर्भात असाल तर तिथल्या झाडीपट्टी रंगभूमीचं काय सांगावं? दिवाळीनंतर वडसा हे त्या रंगभूमीचं केंद्र असतं, गावोगावच्या मंडपांत रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. तिथे तिकिटाचा प्रश्न नसतो, प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या कामाचा असतो.

राहिला शेवटचा उपप्रश्न, सोबतीचा. खिडकीत बसलेल्या माणसाचं उत्तर असं, की एकटा प्रेक्षक हा सगळ्यात नशीबवान. लोक दोघं, चौघं मिळून येतात आणि सलग जागा मागतात. त्यामुळे प्लॅनवर चांगल्या रांगांच्या ऐन मधोमध एकेकटी खुर्ची उरत जाते, अलीकडे फुली, पलीकडे फुली. जोडपं ती घेत नाही. प्रयोगाच्या दिवशीसुद्धा ती रिकामी असते. तेव्हा पुढच्या वेळी ‘एक द्या’ एवढंच म्हणू नका. ‘मधली एकटी सुटलेली आहे का?’ असं विचारा.